माझ्या अंगणातला पूल

ठाण्याच्या खाडीवरचा आगगाडीचा पूल मी बांधला. दगडचुन्याचा नव्हे. तो गोऱ्या साहेबांनी बांधला, तेव्हा मी मिसरूड न फुटलेला, डोक्यावरून चिखलाच्या पाट्या वाहणारा होतो. मी म्हणतो तो पूल दुसरा. तो कल्याणला एका वकीलसाहेबांच्या ओटीवर चौकटीत टांगलेला आहे. त्याच्यावरून धूर सोडत गाडी चालली आहे, आणि येणारा जाणारा म्हणतो, वा, काय हुबेहूब तसबीर! तो पूल माझा. माझ्या अंगणातला, खाडीकाठच्या खाजणाच्या चिखलाचा, नारळाच्या करवंट्यांवर कमानी थापून केलेला. कुणाला पटो न पटो.

आश्विन लागला की हे सगळं अंगात उठतं. पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते. खाजणाची माती वरून सुकते आणि आतून ओली राहते. पाऊल टाकलं तर आधी कडक लागते, मग हळूच आत घेते. भात पिवळं होऊन वाकतं. दुपारी वारा पडतो आणि खाडीचा वास उंबरा ओलांडून घरात येऊन बसतो. मिठागरात तर या दिवसांत काहीच नसतं, नुसतं साचलेलं पाणी आणि बगळे. उन्हाळ्यातलं उरलेलं मीठ बांधावर ढिगांत असतं, त्यावर गवत शाकारलेलं. म्हाताऱ्याने पडवीत पडून राहावं असे हे दिवस. मी पडत नाही. माती हाताला लागली की बोटं आपोआप तिच्यात कमान शोधतात.

मी शाळेत सात महिने गेलो. मग मिठाचा हंगाम आला आणि पंतोजी सुटले. पुढची अक्षरं मला स्टेशनच्या पाट्यांनी शिकवली. तेव्हा माझ्या लिहिण्यात कुठे वाकडंतिकडं दिसलं तर दिसू दे. बांध सरळ असला म्हणजे झालं.

तर झालं असं. परवा नव्या हळव्या भाताचे पोहे घेऊन मी कल्याणला गेलो. आमच्या खाजणाच्या तंट्यात वकीलसाहेब एकदा गावाच्या बाजूने चांगलं बोलले होते, तेव्हापासून दर आश्विनात मी जातो. गाडी डोंबिवलीच्या शेतांतून जाते तेव्हा दोन्हीकडे नुसतं पिवळं असतं, आणि मी बाहेर बघत बसतो. मी गाडीत बसतो. माझा बाप कधी बसला नाही. ते पुढे येईल.

वकीलसाहेबांचे सासरे मोठे कंत्राटदार होते. ते गेले, त्यांच्या घरचं काही सामान इकडे आलं, त्यात ही तसबीर. मी नेहमीप्रमाणे ओटीच्या पायरीवर बसलो होतो. साहेब शाळेतल्या एका मास्तरांना ती दाखवत होते.

"धूर बघा, मास्तर. सुटतोय असा वाटतो की नाही? आणि आभाळ कसं निर्मळ आहे!"

मी मान वर केली. वीस वर्षांनी मी माझं धोतर बघत होतो. ते निर्मळ आभाळ म्हणजे माझं धोतर.

मी उठून जवळ गेलो. म्हटलं, "साहेब, हा पूल माझा."

"तुझा? म्हणजे पुलाच्या कामावर होतास होय?"

"कामावर होतो ते वेगळं. हा मी केला. चिखलाचा."

मास्तर हसले. "आणि ही गाडी रे, म्हातारबा?"

"पांगाऱ्याच्या लाकडाची."

"आणि चाकं?"

"सुपारीची. आडव्या चकत्या कापून."

मग दोघं पोट धरून हसले. वकीलसाहेबांनी आत हाक मारली, "अहो, ऐकलंत का? तुमच्या वडलांनी भिंतीला सुपारीची आगगाडी लावली होती!" आतून बांगड्या वाजल्या आणि हसण्याचा आवाज आला.

मी हसलो नाही. मी तसबिरीच्या उजव्या कोपऱ्यात बघत होतो. तिथे बांधावर एक माणूस उभा आहे, करंगळीच्या पेराएवढा. गाडीकडे पाठ करून.

माझा बाप उघाडीवाला होता. खाडीच्या बांधाला एक लाकडी झडप असते, तिला आम्ही उघाडी म्हणतो. पावसाळ्यात भरती आली की ती पाडायची, नाहीतर खारं पाणी भातात शिरून भात जळतं. ओहोटीला उचलायची, म्हणजे साठलेलं पाणी निघून जातं. उन्हाळ्यात उलट, भरतीचं पाणी मोजून मिठागरात घ्यायचं. गावाचं भात आणि गावाचं मीठ त्या एका फळीवर, आणि ती फळी माझ्या बापाच्या उजव्या खांद्यावर. उचलून उचलून तो खांदा खाली आला होता. गावात कुणी त्याला विचारल्याशिवाय पेरणी केली नाही.

मग रेल्वेचा भराव आला तो नेमका उघाडीवरून. तिच्या जागी विटांची मोरी झाली. मोरी कुणाच्या सांगण्याने उघडत नाही आणि कुणाच्या सांगण्याने मिटत नाही. बापाला काम उरलं नाही. तरी तो प्रत्येक भरतीला जाऊन तिथेच उभा राहायचा. मागून गाडी धडधडत जायची. सुरुवातीला तर तीन-तीन गावं बघायला लोटायची, बाया लेकरं कडेवर घेऊन यायच्या, कुणी इंजिनाला नारळ दाखवायचं. बाप वळला नाही. एकदाही नाही.

मी एकदा विचारलं, "बा, तू बघत का नाहीस?"

म्हणाला, "ती येल नं जाल. पान्याकरं कोन बगल?"

ज्या वर्षाचं मी सांगतो, त्या वर्षी ज्येष्ठात तो गेला. बापाचं वर्ष, म्हणून घरात सण नव्हता. दिवाळी तोंडावर आली, शेजारी फराळाची दळणं सुरू झाली, पोरांनी किल्ल्यांसाठी माती आणली, आणि आमच्या घरी जातं गप्प. मी अंगणात बसून होतो. समोर माती होती. हात मोकळे होते.

किल्ला नाही केला. पूल केला. चिखल फडक्यातून गाळून घेतला, त्यात कोंडा मळला. कमानी करवंट्यांवर थापल्या. मधे गलबतांसाठी लोखंडी तुळया आहेत ना, त्या माडाच्या झावळीच्या हिरांच्या केल्या. रूळ म्हणून मोडक्या छत्रीच्या काड्या. इंजिन मुठीएवढं उंच, मागे पाच डबे. अलीकडच्या तीरावर भराव घातला, पण मोरी नाही केली. उघाडी केली, होती तशी, फळीसकट. तीरावर गाडी बघणारी सहा माणसं ठेवली. आणि उघाडीपाशी बापाला उभं केलं. बापाचं तोंड घडवायला मी धजलो नसतो. पण मी त्याच्या मागून बांधावर चालत मोठा झालो. ती पाठ मला डोळे मिटूनही घडवता आली.

गाव बोललं. "बापूस मेला नं या भातुकली खेलतं," असं वाटेवरून ऐकू येईल एवढ्या मोठ्याने बोललं. मी आणखी चार डबे जोडले असते, पण सुपाऱ्या संपल्या.

बापाच्या एका बाजूला मी पिकलेलं भात केलं, दूर्वांचं, हळदीत बुडवून. दुसऱ्या बाजूला मिठाचे उघडे पांढरे ढीग घातले. माझी बायको जनी पाण्याची कळशी घेऊन आली ती थांबलीच.

"भात उभं नं मीठ उघरं? या कंचा म्हयना तुमचा?"

"बापाचा महिना," मी म्हटलं. "दोन्ही त्याचंच होतं. दोन्ही राहील."

"बगनारी हसतील."

"हसू देत."

आता ही तसबीर ज्यांनी काढली ते तात्या कसे आले ते सांगतो. ते ठाण्याला तळ्याकाठी राहायचे. शिकलेले, अंगाने किडकिडीत, आणि बोटं कायमची काळी, ते औषधच तसं. त्या कंत्राटदारांनी त्यांना सांगितलं होतं, पूल पाहिजे आणि पुलावर चालती गाडी पाहिजे. तात्या होडीत सगळा संसार घालून आमच्या तीरावर आले, काळ्या कापडाचा तंबू ठोकला आणि आठ दिवस खपले. पण त्या काळच्या काचेला वेळ लागायचा. फोटोच्या पेटीचा डोळा उघडा ठेवून चाळीस आकडे मोजावे तेव्हा तिच्यावर काही उमटायचं. गाडी चाळीस आकडे थांबते थोडीच? काचेत पूल यायचा, खाडी यायची, आणि गाडीच्या जागी नुसता एक ओरखडा. पुलावर गाडी उभी करा म्हणून हुकूम सोडायला तात्या काही लाटसाहेब नव्हते.

काचा धुवायला गोडं पाणी हवं म्हणून ते आमच्या विहिरीवर आले आणि अंगणात थबकले. उकिडवे बसले.

"धाकू, हे कुणी केलं?"

"मी."

"कुणासाठी?"

"बापासाठी."

"मला याची एक काच काढू दे."

मी काढू दिली. खरं सांगतो, छाती फुगली. तात्यांनी पेटीचं तीन पायांचं तिकाटणं उभं केलं, डोक्यावर कापड घेतलं, आकडे मोजले, तंबूत पळाले. दुपारच्या उन्हात औषधाचा गोडसर, गुंगी आणणारा वास सुटला. मग काच काळ्या फडक्यावर धरून बाहेर आले आणि त्यांचं तोंड उतरलेलं.

"खेळणं दिसतंय रे."

माझं डोकं फिरलं. गावाने म्हटलं ते म्हटलं, आता यांची काचही तेच म्हणते? मी काच हातात घेतली. आणि मला दिसलं. माझा पूल तसाच होता, पण वरून बघितलेला. बापाच्या डोक्याचा नुसता ठिपका.

"तुम्ही घारीसारखे वरून बघता," मी म्हटलं. "घारीला सगळं जग खेळणंच. बांधावरचा माणूस पूल बघतो तो खालून. खाली या."

"आणखी खाली कसा येऊ? तिकाटण्याला पाय आहेत."

मी कुदळ आणली आणि अंगणात कमरेएवढा खड्डा खणला. जनीने कपाळाला हात लावला. घरात माणूस गेल्याला सहा महिने नाहीत आणि दारात खड्डा! पण तात्या पेटीसकट त्यात उतरले. पेटीचा डोळा बापाच्या डोळ्याच्या उंचीला आला, आणि कापडाखालून तात्यांचा आवाज आला, "अरे देवा." एवढंच.

पुढचे तीन दिवस आम्ही दोघं त्या अंगणात लहान झालो. बापाएवढे. इंजिनाला मी हौसेने तेलाचा हात दिला होता, ते चकाकायचं. त्याला राख चोळली. माती कुठे तडकली होती, त्या भेगेत डबा मावला असता, ती बुजवली. मागे माझं धुतलेलं धोतर दूर टांगलं, आभाळ म्हणून. पण मीठ काही केल्या जमेना. अस्सल आमच्या आगरातलं मीठ, आणि काचेत त्याचे धोंडे दिसायचे. मीठ खरं होतं म्हणूनच खोटं दिसत होतं. मी तासभर डोक्याला हात लावून बसलो. जनी आत गेली, महिनाभर गप्प असलेल्या जात्यावर मूठभर तांदूळ दळले आणि पीठ आणून माझ्यासमोर ठेवलं.

"खोटंच घालाचं तं बारीक तरी घाला."

ते पीठ घातलं आणि काचेत मीठ पडलं. इतकं मीठ मी मिठागरातही पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सगळं जुळलं. ऊन तिरपं, वारा नाही. तात्यांनी तंबूत काच ओली केली, पेटीत घातली. ओली आहे तोवरच ती चालते, सुकली की मेली. आणि झाकण काढायच्या आधी ते शेवटचं बघायला वाकले.

"धाकू, हा कोपऱ्यातला वळव."

"कोण?"

"हा पाठमोरा. तीरावरची बाकीची सहाही माणसं गाडीकडे बघतायत. हा एकटाच पाण्याकडे. डोळ्याला खटकतो. बघणाऱ्याला लगेच खोटं वाटेल."

"तो वळणार नाही."

"अरे, मातीचा तर आहे! दोन बोटांनी फिरव."

"तो गाडीसाठी जन्मात वळला नाही. तुमच्या काचेसाठी वळेल?"

"माझ्या पोटावर पाय देऊ नकोस रे. काच सुकतेय." आणि तात्यांनी हात पुढे केला.

मी त्यांचं मनगट धरलं. त्या काळी माझ्यासारख्याने त्यांच्यासारख्याचं मनगट धरायचं नव्हतं. चिखलाचा हात होता माझा. पाचही बोटं उमटली. जनी दारात उभी होती, तिने पदर तोंडाशी नेला. मी म्हटलं, "बापाला हात लावायचा तर आधी पेटी उचला."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, "सोड. आकडे मोजायचेत." आणि खड्ड्यात उतरून झाकण काढलं.

एक, दोन, तीन. आमची श्वास घ्यायचीही हिंमत नव्हती. बारा-तेराच्या सुमाराला आमची पांढरी कोंबडी धोतराखालून आली आणि पुलाच्या मागून टुकूटुकू चालू लागली. हाकलावी तर माझीच सावली काचेत यायची. तात्यांचे आकडे रडवेले झाले, पण थांबले नाहीत. कोंबडी इंजिनाच्या मागे क्षणभर उभी राहिली, मान वळवून बघितलं आणि गेली. चाळीस.

काच धुतली तेव्हा कोंबडी नव्हती. तिच्या जागी इंजिनाच्या धुराड्यातून निघून मागे पांगत गेलेला एक पांढरा, विरळ पट्टा होता. कापूस पिंजून आम्हाला तीन दिवसांत जो जमला नाही तो धूर. वकीलसाहेब ज्याची एवढी वाहवा करत होते तो.

आठ दिवसांनी तात्या कागदावर उतरवलेली तसबीर घेऊन आले. कंत्राटदार खूष झाले होते. चिखलाचं त्यांना काही सांगितलं नव्हतं. "ही तुझी प्रत," तात्या म्हणाले.

आणि मी, सात महिने शाळा शिकलेला शहाणा, म्हणालो, "मला कागद काय करायचा? माझ्या अंगणात अस्सल आहे."

"अरे, माती आहे ती."

"असू दे. माझी आहे."

त्यांनी तसबीर दोनदा पुढे केली. तिसऱ्यांदा केली नाही. तेही मानी होते.

कार्तिकात, कापणी चालू असताना, एका दुपारी अवकाळी पाऊस आला. भारे झाकायला सगळं गाव शेतात धावलं, आम्हीही. परतलो तेव्हा अंगणात करवंट्या उघड्या पडल्या होत्या आणि सुपारीच्या चकत्या पाण्यावर तरंगत होत्या. उघाडीच्या जागी चिखलाचा एवढासा गोळा. भाताचे भारे मात्र वाचले. बाप असता तर त्यानेही आधी तेच वाचवले असते.

त्या प्रतीसाठी मी दोनदा ठाण्याच्या तळ्यापर्यंत गेलो. दोनदा मागे फिरलो. मागणं मला जमत नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तात्या बिऱ्हाड हलवून दूर कुठे गेले होते.

आता परत ओटीवर. हसून झाल्यावर मास्तरांना माझी दया आली असावी. ते मला समजावायला लागले. "म्हातारबा, हे बघ. हा कोपऱ्यातला माणूस. सगळे गाडीकडे बघतायत आणि हा खाडीकडे. खोटं रचणारा सगळ्यांनाच गाडीकडे बघायला लावील. असला माणूस कुणाला सुचायचा नाही. हा कुणीतरी तिथे खरोखर उभा होता, म्हणून तर ही तसबीर खरी."

मी ओटीचा खांब धरला.

त्या घटकेला उत्तर माझ्या जिभेवर होतं. एकच वाक्य. साहेब, बापाच्या डावीकडे भात पिकून उभं आहे आणि उजवीकडे मीठ उघडं पडलं आहे. हे दोन्ही एका दिवशी कुठल्या गावात बघितलंत? मीठ उघडं असतं तेव्हा शेतात धूळ असते. भात पिकतं तेव्हा मिठावर गवत असतं. आमच्या गावची कुठलीही बाई हे एका नजरेत सांगेल. जनीने सांगितलंच होतं. पण ओटीवर बसून मीठ खाणाऱ्यांना मिठाचा महिना कुठला माहीत असायला? एवढं बोललो असतो तर दोघांची तोंडं बंद झाली असती.

मग काय झालं असतं? पूल माझा ठरला असता आणि तसबीर खाली उतरली असती. सुपारीची आगगाडी कोण आपल्या ओटीवर ठेवील? आणि तिच्याबरोबर तो उतरला असता. ज्या ओटीवर मी इतकी वर्षं पायरीवर बसतो, तिथे माझा बाप भिंतीवर आहे, वकीलसाहेबांच्या डोक्याच्या वर, त्यांच्या गाडीकडे पाठ करून. मी ते वाक्य गिळलं. खारट लागलं.

"काय म्हातारबा, गप्प झालास?" वकीलसाहेब म्हणाले.

"पूल माझाच आहे," मी म्हटलं.

"बरं बाबा, तुझा!" आणि पुन्हा हसले. स्वतःला खोटारडा म्हणवून घेऊन मी स्टेशनावर आलो, आणि सांगतो, मान ताठ होती.

मग आता का लिहितो? मास्तरांच्या त्या एका शब्दासाठी. कुणीतरी. तो कुणीतरी नव्हे. उघाडीवाला गोमा, माझा बाप. मी मेल्यावर हे सांगणारं कुणी नाही. तेव्हा ज्याला वाचायचं त्याने वाचावं, वकीलसाहेबांनीही वाचावं, भात बघावं, मीठ बघावं, आणि हसायचं तर आता हसावं. आणि तसबीर भिंतीवर नकोशी झाली तर टाकू नये. माझ्याकडे धाडावी. हे मागणं आहे, आयुष्यातलं पहिलं.

काल पडवीत ठोकाठोक ऐकून जनी बाहेर आली. "या रिकामा खिला कशाला?"

"असू दे," मी म्हटलं.

भिंत मातीची आहे. पण खिळा घट्ट बसला आहे.